बेलोमोचं दहापट ट्रिपलेट भिंग: नाण्यांतल्या व्हरायटी शोधायला पुरेसं आहे का?

आधी निकाल सांगते. आधुनिक नाण्यांतल्या ज्या व्हरायटींना बाजारात खरोखर पैसे मिळतात, त्या ओळखायला दहापटीपेक्षा जास्त मोठं दिसण्याची गरज नसते. (व्हरायटी म्हणजे एकाच नाण्याचा, ते पाडणाऱ्या डायमधल्या, म्हणजे साच्यातल्या, फरकामुळे झालेला उपप्रकार.) चांगलं दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि एकाच बाजूने प्रकाश टाकणारा टेबललॅम्प, एवढं पुरतं. बेलोमोचं १० एक्स ट्रिपलेट हे असंच चांगलं भिंग आहे. "१००० एक्स" लिहिलेला यूएसबी मायक्रोस्कोप त्याच्या जागी घेऊ नये. का ते पुढे येईलच.

बेलोमो ही बेलारूसमधल्या मिन्स्कची प्रकाशीय उपकरणं बनवणारी संस्था आहे. हे भिंग धातूच्या घडीच्या कवचात येतं. उघडलं की कवचच मूठ होतं, मिटलं की काच झाकली जाते. आत तीन काचा एकमेकींना चिकटवून एक भिंग केलेलं आहे, म्हणून नाव ट्रिपलेट. साध्या एका काचेच्या भिंगातून अक्षरांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार दिसते आणि सरळ रेघ कडेला वाकते. तीन काचांच्या जोडणीत हे दोन्ही दोष जवळजवळ नाहीसे होतात. नाण्याच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. अक्षराशेजारची दुसरी रेघ नाण्यावर आहे की काचेने उभी केली आहे, ही शंका तरी मनात राहत नाही.

काचेचा व्यास २१ मिमी आहे. ₹१ चं स्टीलचं जुनं नाणं २५ मिमीचं, म्हणजे त्याचा बराच भाग एका नजरेत मावतो. बॉश अँड लोम्बचं हेस्टिंग्ज ट्रिपलेटही स्पष्टतेत उत्तम आहे, पण त्याची काच लहान असल्यामुळे नाणं तुकड्यातुकड्याने बघावं लागतं. एका वेळी मूठभर नाणी चाळायची असतील तर बेलोमो सोयीचं. आत दिवा नाही. याला मी उणीव म्हणणार नाही, कारण भिंगातला दिवा नेमका चुकीच्या कोनातून प्रकाश टाकतो.

इथे एक इशारा. चकचकीत स्टीलच्या कवचातली "३० एक्स २१ मिमी" अशी छाप असलेली स्वस्त भिंगं सगळीकडे मिळतात. तो आकडा खोटा असतो, हे गणितानेच सिद्ध होतं. भिंगाची पट काढायची तर २५० ला केंद्रांतराने, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या मिलिमीटरवर स्पष्ट पडते त्या अंतराने, भागायचं. दहापट भिंगाचं केंद्रांतर २५ मिमी असतं. खऱ्या तीसपट भिंगाचं जेमतेम ८ मिमी, आणि इतक्या आखूड केंद्रांतराची काच २१ मिमी रुंद ठेवून चित्र स्वच्छ येत नाही. घरी तपासायला खिडकीपासून लांबच्या भिंतीजवळ उभं राहून खिडकीबाहेरच्या दृश्याची प्रतिमा भिंगातून कोऱ्या कागदावर पाडा आणि काच ते कागद हे अंतर पट्टीने मोजा. अंदाजे २५ मिमी आलं तर भिंग दहापटीचं, कवचावर काहीही लिहिलेलं असो. मग आलेखकागदावर भिंग ठेवून कडेच्या रेघा वाकतात का पाहा, आणि पांढऱ्या कागदावरच्या बारीक काळ्या अक्षरांना रंगीत किनार येते का पाहा. बेलोमोच्या नावाने आलेलं भिंगही हाती पडल्यावर या तिन्ही कसोट्यांतून काढावं.

धरायची पद्धत अनेकांची चुकते. भिंग नाण्याजवळ ठेवून डोळा लांब ठेवला की दृश्य आकसतं आणि मान अवघडते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, दुसरा डोळा उघडाच ठेवायचा, दोन्ही कोपर टेबलावर टेकवायचे आणि नाणं कडेने धरून वर आणत जायचं. सुमारे अडीच सेंटिमीटरवर ते स्पष्ट होतं. खाली मऊ कापड हवंच, नाणं बोटांतून सुटतं. दिवा डावीकडून, नाण्याच्या पृष्ठभागाशी अगदी कमी कोनात. नाणं दिव्याखाली हळूहळू गोल फिरवा. खरा उठाव प्रत्येक कोनात दिसतो, चमकेने झालेला भास एखाद्याच कोनात.

आता ज्यासाठी हे भिंग घ्यायचं त्या कामाकडे येऊ. आपल्याकडे व्हरायटीचा पहिला आणि सर्वांत उपयोगी धडा म्हणजे तारखेखालची टाकसाळखूण. मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, नोएडाचं गोल टिंब, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, आणि कोलकात्याला काहीच खूण नाही. मुंबईच्या प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या) नाण्यांवर आधी बी आणि पुढे एम हे अक्षर. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर ताऱ्याऐवजी उभी चीर असलेली चौकट किंवा मध्ये टिंब असलेली चौकट असते, आणि नुसत्या डोळ्यांना या दोन्ही मुंबईच्या वाटतात. इथे दहापट भिंग एका क्षणात निकाल देतं. चौकटीच्या आत काही आहे का, एवढंच बघायचं.

परदेशी टाकसाळींनी पाडून दिलेली नाणी हा याच विषयाचा रंजक भाग. १९८५ च्या ₹१ वर बर्मिंगहॅमच्या टाकसाळीचा एच सापडतो. नव्वदीच्या अखेरच्या ₹१ वर स्लोव्हाकियातल्या क्रेम्निका टाकसाळीची एम आणि के ही अक्षरं, तर काहींवर मेक्सिकोचं एम आणि त्यावर बारीक शून्य. १९९९ आणि २००० च्या ₹५ वर मॉस्को टाकसाळीची रशियन अक्षरं. ही अक्षरं इतकी बारीक आहेत की झिजलेल्या नाण्यावर ती डागासारखी दिसतात. भिंगाखाली मात्र सरळ वाचता येतात. एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ही नाणी परदेशातून मोठ्या मागणीने पाडून घेतलेली आहेत, तेव्हा "परदेशी म्हणून दुर्मीळ" हा दावा टिकत नाही. संग्रहात ती हवीत, पण वापरलेल्या नाण्याला भारी किंमत देऊ नये. न वापरलेलं, मूळ झळाळी शाबूत असलेलं नाणं मिळालं तर गोष्ट वेगळी.

टाकसाळखुणेत सगळ्यात जास्त फसवणूक आणि सगळ्यात जास्त गैरसमज "खूण नसलेल्या" नाण्यांवरून होतात. खूण दिसत नाही याची कारणं चार असू शकतात. पहिलं, नाणं कोलकात्याचं आहे. दुसरं, डायमधल्या खुणेच्या खळग्यात वंगण आणि धातूची भुकटी साचली, त्यामुळे खूण उमटलीच नाही. तिसरं, वापराने खूण झिजली. चौथं, कोणी मुद्दाम खरवडली. वंगण भरलेल्या डायचं नाणं बघितलं तर खुणेच्या जागी फुगवट्याची पुसटशी सावली असते, आणि बहुधा शेजारचा एखादा अंक किंवा अक्षरही अशक्त आलेलं असतं. खरवडलेल्या नाण्यावर धातूच्या प्रवाहरेषा त्या जागी तुटतात. नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की मध्यापासून कडेकडे किरणांसारख्या बारीक रेषा सळसळतात, त्या प्रवाहरेषा. खरवडीच्या जागी त्या थांबतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. हे दहापटीत स्वच्छ दिसतं. भरलेल्या डायला चूक म्हणून थोडीफार किंमत असते, पण ती व्हरायटी नव्हे.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. हैदराबादच्या ताऱ्याची टोकं डाय झिजल्यावर बोथट होतात आणि तारा टिंबासारखा दिसतो. मग विक्रेता ते नोएडाचं म्हणून विकतो. अशा वेळी वर्ष आधी बघा. नोएडाची टाकसाळ १९८८ साली सुरू झाली. त्याआधीच्या वर्षाच्या नाण्यावर टिंब दिसलं तर ते नोएडाचं असूच शकत नाही. त्यानंतरच्या वर्षांत टिंबाची बाह्यरेषा तपासा. नोएडाचं टिंब सगळीकडून गुळगुळीत गोल असतं, बोथट ताऱ्याच्या कडेला कुठेतरी खाच किंवा कोपरा उरतोच.

खूण डायवर कोरायचीच राहून गेली, अशी खरी उदाहरणं जगात आहेत. सर्वांत प्रसिद्ध अमेरिकेचं १९८२ चं दहा सेंटचं नाणं. फिलाडेल्फियाच्या या नाण्यावर पी हवा होता. त्या काळी टाकसाळखूण प्रत्येक डायवर हाताने ठोकत असत, आणि एका डायवर ती ठोकायची राहिली. ओहायोतल्या सँडस्की भागात ही नाणी मोठ्या संख्येने सापडली. इथेही दोन दर्जे आहेत. ज्यांच्यावरची छाप ठसठशीत आहे त्यांना जास्त किंमत, ज्यांची छाप अशक्त आहे त्यांना कमी. कारण अशक्त छापेच्या नाण्यावर खूण झिजली की नव्हतीच, असा संशय गिऱ्हाइकाच्या मनात येतो. नाण्याची किंमत पुराव्यावर ठरते, ती अशी.

दुसरा मोठा विषय दुहेरी छाप, आणि इथेच जास्त पटीचं यंत्र माणसाला फसवतं. खरी डबल्ड डाय म्हणजे डाय तयार करताना मूळ ठसा त्यावर दोनदा, किंचित सरकून बसला. मग त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी आकृती येते. दोन्ही छापा गोलसर उठावाच्या असतात, अक्षरांच्या टोकांना मधोमध फट पडते, आणि अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं. मशीन डबलिंगमध्ये डाय निर्दोष असतो, पण नाणं पाडून वर उचलताना तो हलतो आणि नुकतंच उठलेलं अक्षर बाजूला चेपतो. त्याने अक्षराशेजारी सपाट, चकाकणारी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर उलट अरुंद होतं. रुंद की अरुंद, एवढा एक प्रश्न विचारला तर सोशल मीडियावर रोज विक्रीला येणारी बहुतेक "दुर्मीळ डबल डाय" नाणी बाद होतात. मशीन डबलिंगला अधिकची किंमत नाही. तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. त्यात अक्षरांच्या कडा पसरट आणि धूसर होतात, त्यालाही किंमत नाही.

यूएसबी मायक्रोस्कोपचं नुकसान इथे कळतं. त्याच्या नळीच्या तोंडाशी दिव्यांचं कडं असतं, त्यामुळे प्रकाश चारही बाजूंनी पडतो आणि सावली मरते. सावली नसली की सपाट पायरी आणि गोलसर उठाव यांतला फरकच पडद्यावर उरत नाही. शिवाय एवढ्या जवळून पाहिलं की एका वेळी जेमतेम अर्धं अक्षर दिसतं, शेजारच्या अक्षराशी तुलना होत नाही. नव्या संग्राहकाला मग प्रत्येक नाण्यावर व्हरायटी दिसू लागते. १९८२ नंतरचे अमेरिकेचे एक सेंट जस्तावर तांब्याचा पातळ मुलामा देऊन केलेले आहेत. त्या मुलाम्याला फुगे येतात आणि अक्षराच्या कडेला तो फाटतो, तेही मायक्रोस्कोपमध्ये हुबेहूब दुहेरी छापेसारखं दिसतं. परदेशातून नातेवाइकांनी आणून दिलेली नाणी चाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मायक्रोस्कोपचा खरा उपयोग छायाचित्रापुरता. भिंगाने आधी निर्णय करा, मग त्या जागेचं चित्र काढून दुसऱ्या नाण्याच्या चित्राशी ताडून पाहा. त्याचे स्वतःचे दिवे विझवून बाजूचा टेबललॅम्प वापरला तर चित्र बरंच खरं येतं.

दहापटीची खरी गरज लागते अशी उदाहरणं बघायची तर अमेरिकेचे १९९८, १९९९ आणि २००० चे एक सेंट घ्या. चलनी नाण्यांवर मागच्या बाजूच्या अमेरिका या शब्दातली ए आणि एम ही अक्षरं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली हवीत. काही नाणी प्रूफसाठीच्या डायने पाडली गेली, त्यांत या दोन अक्षरांत स्पष्ट फट आहे. तिघांत १९९९ चं सर्वांत कमी सापडतं. १९९२ चं प्रकरण उलटं आहे. त्या वर्षी फट असायला हवी, चिकटलेली अक्षरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नाण्यांवर सापडली आहेत, आणि त्यांना भारी किंमत येते. ही फट नुसत्या डोळ्यांनी चुकते, दहापटीत चुकत नाही. २००९ च्या लिंकन जन्मद्विशताब्दीच्या सेंटवर, ओंडक्यावर बसून वाचणाऱ्या तरुण लिंकनच्या हाताला जादा बोट दिसतं. ही खरीखुरी डबल्ड डाय आहे, पण तिचे इतके प्रकार नोंदले गेले की बहुतेकांना किरकोळ भाव आहे. डाय एकाच दाबात तयार करायची पद्धत आल्यापासून दुहेरी छाप अशीच मध्यभागी आणि बारीक येते.

याउलट लोकांना हव्या असलेल्या व्हरायटी बऱ्याचदा भिंगाशिवायच दिसतात. अमेरिकेच्या २००४ च्या विस्कॉन्सिन क्वार्टरवर (२५ सेंटच्या नाण्यावर), डेन्व्हरच्या टाकसाळीत, मक्याच्या कणसाला डाव्या बाजूला एक जादा पान आलं, कधी वर वळलेलं, कधी खाली. २००८ साली ब्रिटनने २० पेन्सच्या नाण्याची रचना बदलली आणि वर्ष मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला नेलं. नवी मागची बाजू आणि जुनी राणीची बाजू एकत्र आली आणि वर्षच नसलेलं नाणं बाहेर पडलं. दोन्हींना आजही गिऱ्हाईक आहे, कारण शेजाऱ्याला दाखवलं तरी त्याला दिसतं. व्हरायटीच्या किमतीचा माझा हिशेब यावरच चालतो. नुसत्या डोळ्यांना दिसते का, मान्य यादीत तिला क्रमांक आहे का, ती मालिका जमवणारे किती आहेत, आणि नाणं किती ताजं आहे. दहापटीतही शोधत बसावं लागणाऱ्या खुणेला यादीत जागा मिळेल, पैसे क्वचितच मिळतील. भाव बघताना मागितलेली किंमत सोडून द्या, लिलावात प्रत्यक्ष मोजलेली बघा.

आणि कमी संख्येने पाडलेलं नाणं म्हणजे व्हरायटी नव्हे. ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्स २,१०,००० च पाडलं होतं म्हणून महाग आहे, त्यात चूक काहीच नाही. आपल्याकडे वैष्णोदेवीच्या २०१२ च्या ₹५ आणि ₹१० च्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती अजून फिरतात, त्यांत व्हरायटीही नाही आणि दुर्मीळताही नाही. ₹१० च्या नाण्याच्या १४ रचना अधिकृत असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं आहे, तेव्हा किरणं कमी-जास्त किंवा ₹ चिन्ह नसलेलं नाणं वेगळं काढून ठेवायचं कारण नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांबद्दलही तिने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं आहे. कोणी आधी पैसे भरायला सांगितलं की तिथेच थांबा.

काट्याचं काम चुकीच्या चकतीवर पडलेली नाणी पकडायचं. तांबे-निकेलचं ₹५ हे ९ ग्रॅमचं आणि २३ मिमीचं, २००७ चं लाटांच्या नक्षीचं स्टीलचं ₹५ हे ६ ग्रॅमचं. १९९२ पासूनचं स्टीलचं ₹१ ४.८५ ग्रॅमचं, अकरा बाजूंचं तांबे-निकेलचं ₹२ ६ ग्रॅमचं, दोन धातूंचं ₹१० ७.७१ ग्रॅमचं. शतांश ग्रॅमचा फरक सोडून द्या, झीज आणि टाकसाळीला वजनात चालणारी तफावत यांत तो जातो. ग्रॅमच्या मापात फरक आला तरच पुढे पाहायचं. सोबत लोहचुंबक असू द्या. स्टीलला तो लागतो, तांबे-निकेलला नाही.

कडेला चावल्यासारखा तुकडा गेलेल्या नाण्यांसाठी भिंग पुन्हा उपयोगी. चकती कापतानाच तुकडा गेला असेल तर त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूची किनार अशक्त किंवा नाहीशी झालेली असते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. शिवाय तुकड्याजवळची अक्षरं ताणलेली दिसतात, कारण धातू रिकाम्या जागेकडे वाहिलेला असतो. कानसीने घासलेल्या नाण्यात समोरची किनार ठणठणीत असते आणि अक्षर मध्येच कापल्यासारखं संपतं. ₹१० च्या "मधला भाग नसलेल्या" नाण्यात कड्याची आतली भिंत बघा. तिथे मधल्या चकतीने दाबून केलेली खोबण किंवा ओरखडे दिसले तर चकती नंतर काढलेली आहे. फिरलेल्या डायला भिंग लागतच नाही. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. वर आणि खाली बोटांनी धरून आडवं फिरवा आणि मागची बाजू किती अंश कलली ते कोनमापकाने मोजा. दहा-पंधरा अंशांत काही नाही, ९० किंवा १८० अंशांना मात्र संग्राहक नक्की विचारतो.

भिंगाची निगा आपल्या हवेत गंभीरपणे घ्यावी लागते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात काचेवर बुरशीचं जाळं चढतं, आणि एकदा ते काचेत कोरलं गेलं की निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवा. पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग भिंगाच्या कागदाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने. पाण्यात किंवा कशातही बुडवू नका, तीन काचा चिकटवलेल्या आहेत. नाण्यावरचा पीव्हीसी पाकिटाचा हिरवा चिकटा काढायला ॲसिटोन वापरतात. ते भिंगाजवळ नकोच, चिकटवणीला आणि काळ्या रंगाला ते खातं. मुळात नाणीच मऊ पीव्हीसीत न ठेवता मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकोनात ठेवली तर ॲसिटोनची वेळ येत नाही. कवचाचा बिजागरी स्क्रू वापराने सैल होतो, घड्याळाच्या बारीक पेचकसाने पाव फेरा घट्ट करावा. जास्त आवळला तर भिंग उघडताना अडतं.

जाड चष्मा लावणाऱ्यांना चष्म्यावरून पाहिलं की दृश्याचं वर्तुळ लहान दिसतं. चष्मा काढून पाहणं बरं, नंबराची भरपाई नाणं किंचित पुढे-मागे करून होते. फार तिरका नंबर असेल, किंवा नाण्यांचा दर्जा ठरवायचा असेल आणि व्हरायटीत फारसा रस नसेल, तर ५ किंवा ७ पटीचं भिंग घ्या, संपूर्ण नाणं एका नजरेत येतं. वर्षानुसार, टाकसाळीनुसार प्रजासत्ताकाची नाणी लावणाऱ्याने मात्र दहापटच घ्यावं.